संशय कोणावर घ्यायचा?



अधिवेशनाच्या अध्यक्षाने आधी आभार मानायचे, मग आपण या पदाला कसे अपात्र आहोत ते सांगायचं आणि मग तासभर बोलायचं, अशी प्रथा आहे. यातला पहिला भाग मनापासून पार पाडून दुसरा गाळलेला बरा, कारण विषय रहस्यपटांचा आहे आणि संशयितांची यादी मोठी आहे. एक सूचना मात्र आधीच दिलेली बरी. यापुढे जुन्या सिनेमांतल्या खुन्यांची नावं राजरोस फोडली जाणार आहेत. ज्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत, त्यांना चहाच्या टेबलाकडे जायला अजून वेळ आहे.

हिंदी रहस्यपटाची एक जुनी अडचण आहे. नायक खुनी असू शकत नाही. पोस्टरवर देव आनंदचा चेहरा दिसला की तिकीट काढतानाच प्रेक्षक त्याला निर्दोष सोडून मोकळा होतो. चोरी एक वेळ चालते. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये अशोककुमारने चक्क पाकीटमार रंगवला आणि लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. पण खून म्हटला की नायक आपोआप यादीतून बाद होतो. दुसऱ्या टोकाला ठरलेला खलनायक. तो पडद्यावर आला की पुढच्या बाकावरचं पोरही शेजाऱ्याला कोपर मारून सांगतं, हाच तो. मग दोन-अडीच तास संशय टेकवायचा कुठे?

तो टेकवायला जागा करून दिली ती चरित्र अभिनेत्यांनी. त्यांचा चेहरा प्रेक्षकाच्या ओळखीचा असतो, पण त्यांच्याबद्दल खात्री नसते. गेल्या सिनेमात हा बाप होता, त्याआधी दरोडेखोर होता, आज कोण आहे कुणास ठाऊक! या ‘कुणास ठाऊक’वर सगळा रहस्यपट उभा असतो. कॅमेऱ्याच्या सावल्या, धूर, पावसात भिजलेले रस्ते यांवर आपण भरपूर लिहिलं. या माणसांवर फारच कमी लिहिलं.

के. एन. सिंग यांचंच पाहा. मूळचे डेहराडूनचे, भालाफेक आणि गोळाफेक करणारे खेळाडू. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी त्यांचं नाव होतं. आजारी बहिणीसाठी कलकत्त्याला जावं लागलं, तिथं पृथ्वीराज कपूर भेटले, आणि देबकी बोस यांच्या ‘सुनहरा संसार’मधून ते पडद्यावर आले. खेळाडूची ही ताकद त्यांनी पुढे अंगात दाबून ठेवली. ते कधी आरडाओरडा करत नसत. एक भुवई वर जायची, पाइप तोंडातून निघायचा, बस्स.

१९५१ साली गुरुदत्तचा ‘बाजी’ आला. त्याची पटकथा बलराज सहानींनी लिहिली होती, ही गोष्टही आपण सहसा विसरतो. त्यात के. एन. सिंग नायिकेचे वडील आहेत. प्रतिष्ठित, सुसंस्कृत, घरंदाज. आणि जुगाराच्या अड्ड्याचा अंधारात बसणारा मालकही तेच. त्याच वर्षी ‘आवारा’त ते जग्गा डाकू झाले. पाच वर्षांनी गुरुदत्तच्याच निर्मितीत राज खोसलाने ‘सी. आय. डी.’ केला. पुन्हा नायक देव आनंद, पुन्हा के. एन. सिंग नायिकेचे वडील. या वेळी ते पोलीस सुपरिंटेंडेंट आहेत. ‘बाजी’ पाहिलेला प्रेक्षक त्यांच्याकडे डोळे बारीक करून पाहत राहतो. मुलीशी ते प्रेमाने बोलले तरी आपल्याला पटत नाही. आणि शेवटपर्यंत ते खरोखरच सज्जन निघतात! दिग्दर्शकाने एक अक्षर खर्च न करता, केवळ नट निवडून, प्रेक्षकाला चकवलं. याच सिनेमात खून करणारा भाडोत्री माणूस आहे मेहमूद. पुढे ज्याच्या नुसत्या चालण्यावर थिएटर हसायचं, तो इथे गळा धरायला निघालेला आहे. ‘सी. आय. डी.’ आज पाहताना नेमकी याचीच गंमत वाटते, पण १९५६ च्या प्रेक्षकाला ती मिळणं शक्य नव्हतं.

बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ १९६० चा. गाणं एकही नाही, त्या काळी हे धाडसच. सुरुवातीलाच कोर्टात आरोपी म्हणून उभा आहे जीवन. हो, तोच, ज्याला निम्मा देश नारदमुनी म्हणून ओळखायचा. ज्या माणसाच्या खुनाबद्दल त्याने आधीच शिक्षा भोगली, तो माणूस जिवंत निघाला आणि मग याने त्याला खरोखरच मारलं. आता त्याच खुनाची दुसरी शिक्षा कशी देणार, असं तो न्यायाधीशालाच विचारतो. काही मिनिटांचं काम, पण सगळ्या सिनेमाचा पाया त्यावर बसतो. नारदाची ती लांबवून, खोचून बोलायची सवय इथे एकाएकी भयंकर वाटायला लागते.

पुढे सावकाराचा खून होतो. खरा खुनी कोण, हे नायक डोळ्यांनी पाहतो: त्याचे होणारे सासरे, न्यायाधीश बद्रीप्रसाद, म्हणजे अशोककुमार. पकडला जातो तो मात्र नेमका त्याच रात्री त्या घरात शिरलेला भुरटा चोर कालिया. हा कालिया म्हणजे आपले नाना पळशीकर. या भूमिकेबद्दल त्यांना फिल्मफेअरचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला, आणि तो मिळायलाच हवा होता. कोर्टातला कालिया पाहावा. वकील एकमेकांशी कायदा बोलतात आणि ज्याच्या गळ्याशी दोर आलाय तो हा माणूस, जो बोलेल त्याच्या तोंडाकडे पाहत राहतो. खांदे उतरलेले, आवाज खोल गेलेला. इंग्रजी कलमं त्याच्या डोक्यावरून जातात हे सांगायला पळशीकरांना संवाद लागत नाही. सिनेमाभर मोठमोठे वादविवाद आहेत. फाशीच्या शिक्षेविरुद्धचा सगळ्यात पटणारा युक्तिवाद आहे तो पळशीकरांच्या चेहऱ्यावर.

शेवट मात्र जरा सोयीचा झाला. खुनी बद्रीप्रसाद नसून हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा दुसराच माणूस होता, असं निघतं. अशोककुमारला खुनी ठरवण्यापेक्षा दुसरा अशोककुमार आणणं सोपं होतं, असं दिसतं.

सात वर्षांनी विजय आनंदने या सोयीचा वचपा काढला. ‘ज्वेल थीफ’मध्ये देव आनंदला जो तो सांगतो की तू अमर आहेस, तुझ्यासारखा दिसणारा हिऱ्यांचा चोर. अमरच्या पायाला सहा बोटं आहेत म्हणतात, म्हणून भरल्या पार्टीत देव आनंद बूट-मोजे काढून पाय दाखवतो. नायिकेच्या भावाच्या रूपात तिथं अशोककुमार आहेत. वडीलधारे, दुखावलेले, विश्वासाला पात्र. आणि अमर नावाचा जुळा चेहरा कुठे अस्तित्वातच नाही. चोर अशोककुमारच! ‘कानून’मध्ये जुळ्या चेहऱ्याने ज्याची अब्रू वाचवली, तोच इथे नसलेल्या जुळ्या चेहऱ्यामागे लपला. आता ते नायक राहिले नव्हते, चरित्र भूमिकांत आले होते, म्हणूनच हे शक्य झालं. नायकपद गेलं आणि गुन्हा करायची मुभा मिळाली.

‘इत्तेफाक’ने १९६९ साली आणखी एक पाऊल टाकलं. गुजराती नाटकावरून घेतलेली गोष्ट, दिग्दर्शक यश चोप्रा, पुन्हा गाणी नाहीत, बहुतेक सगळं एका रात्रीत आणि एका घरात. यात राजेश खन्ना निर्दोष निघतो, हे ओघानेच आलं. पण दोषी निघते नंदा, मास्टर विनायकांची मुलगी, लोकांनी ‘छोटी बहन’ म्हणून ज्या पोरीला घरातलीच मानलं होतं ती. तिच्या साथीला आहे एक पोलीस इन्स्पेक्टर. इथे संशयाचा नियम नायिकेच्या पदरापर्यंत पोचला. मानसोपचारतज्ज्ञ झाले आहेत गजानन जागीरदार. मराठी माणसाला ‘रामशास्त्री’ आठवल्याशिवाय राहत नाही. ज्यांनी पेशव्याला शिक्षा सुनावली ते इथे वेडा कोण आणि शहाणा कोण याचा निवाडा करतात.

आणि तपास करणारे इन्स्पेक्टर कर्वे आहेत इफ्तेखार.

इफ्तेखार यांच्याकडे जरा थांबायला हवं. जालंधरचा जन्म, गायक व्हायचं म्हणून कलकत्ता गाठलं, हात चित्रकाराचा. अशोककुमार चित्रकला शिकले ते यांच्याकडून. हिंदी सिनेमाने त्यांना खाकी वर्दी घातली आणि ती त्यांना इतकी चपखल बसली की पुढे कुणी काढूनच घेईना. ‘जंजीर’मध्ये ते पोलीस कमिशनर, ‘डॉन’मध्ये डीएसपी. असा शिक्का बसलेला दुसरा नट म्हणजे जगदीश राज. १४४ सिनेमांत पोलीस झाल्याबद्दल त्यांचं नाव गिनेस बुकात गेलं. पण ते झालं विक्रमाचं कौतुक. इफ्तेखार यांच्या बाबतीत शिक्क्याचाच उपयोग करून घेणारे लेखक भेटले.

१९७५ चा ‘दीवार’. बूटपॉलिश करणाऱ्या पोराकडे पैसे फेकले जातात, आणि पोरगा ते उचलायला नकार देतो. समोरचा माणूस रागावत नाही. तो पोराकडे पाहतो, आणि हा लांबच्या शर्यतीचा घोडा आहे असं शांतपणे आपल्या माणसाला सांगतो. हा माणूस म्हणजे मुलराज दावर, गोदीवरचा बडा स्मगलर. म्हणजे इफ्तेखार! सलीम-जावेद आणि यश चोप्रा यांनी वर्षानुवर्षांच्या खाकीचा सगळा भरवसा उचलून काळ्या धंद्याला चिकटवला. दावर ओरडत नाही, पेल्यातली दारू अंगावर उडवत नाही. आपल्या बंगल्यात बसून तो कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरसारखा बोलतो. म्हणून तोच पोरगा, विजय, मोठा होऊन त्याच्याकडे जातो तेव्हा तो वाया गेला असं वाटत नाही, नोकरीला लागला असं वाटतं. ‘दीवार’ची खरी धार इथे आहे. अजितला किंवा प्रेमनाथला दावर दिला असता तर ती बोथट झाली असती. त्याच वर्षी ‘शोले’त इफ्तेखार राधाचे वडील म्हणून घडीभर दिसतात, आणि तिथंही आपण त्यांच्यावर तितकाच विश्वास ठेवतो.

बायकांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही, हे कबूल करायला हवं. ‘वहिनींच्या बांगड्या’ आपल्या खांद्यावर पेलणाऱ्या सुलोचनाबाईंना ‘जॉनी मेरा नाम’सारख्या सिनेमात नुसती आई करून बसवलं. त्या सिनेमात हेरगिरी, हिरे, वेषांतरं, सगळं आहे, आय. एस. जोहरला तीन-तीन भूमिका आहेत. आईवर संशय घ्यायची कल्पना मात्र कुणाला शिवली नाही. एका उत्तम अभिनेत्रीला आपण निर्दोषपणाची जन्मठेप दिली.

मराठी रंगभूमीने या गुन्हेगारीपटाला काय दिलं, हा स्वतंत्र अध्याय आहे. १९७७ च्या ‘इन्कार’मध्ये डॉ. श्रीराम लागू नोकराच्या मुलाची खंडणी भरताना कंगाल व्हायला निघालेला कारखानदार झाले. मूळ कुरोसावाच्या सिनेमात हे काम तोशिरो मिफुने यांनी केलं होतं. तुलना करायला कुणी घाबरू नये.

पण सर्वांत मोठी उडी १९८३ ची. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचा ‘अर्धसत्य’. रामा शेट्टीच्या भूमिकेसाठी निहलानींनी नगरचा एक नट निवडला, ‘हँड्स अप’ या मराठी नाटकातला. सदाशिव अमरापूरकर. सब-इन्स्पेक्टर वेलणकर पुरावा हातात घेऊन शेट्टीला पकडायला जातो तो प्रसंग आठवा. शेट्टी उठत नाही, धमकी देत नाही. फोन उचलतो, वरच्या साहेबाशी बोलतो, आणि रिसीव्हर वेलणकरच्या हातात देतो. ओम पुरींच्या चेहऱ्यावर अपमानाचा एकेक थर चढत जातो, आणि समोर अमरापूरकर जणू शेजाऱ्याचं काम करून दिल्यासारखे बसलेले. प्रेक्षकाला हा नट ठाऊकच नव्हता, त्यामुळे कुठलीच जुनी भूमिका मध्ये आली नाही. त्यांना फिल्मफेअर मिळालं. मग ‘भारत एक खोज’मध्ये तेच महात्मा फुले झाले आणि १९९१ च्या ‘सडक’मध्ये महाराणी. एकाच माणसाचे हे तीन चेहरे शेजारी ठेवून पाहिले तर चरित्र अभिनेता या शब्दाची व्याख्या वेगळी करायची गरज उरत नाही. हिंदी सिनेमाने नंतर त्यांना वर्षानुवर्षं तेच ते खलनायक दिले, ही उधळपट्टी होती.

आणि ‘सामना’ला आपण रहस्यपट का म्हणत नाही? गावात एक माणूस नाहीसा झालाय, मारुती कांबळे. एक दारुडा मास्तर त्याच्याबद्दल विचारत सुटतो. गुन्हा आहे, तपास आहे, शेवटी बेड्या आहेत. फक्त तपास करणारा पोलीस नाही, आणि गुन्हेगार कोण ते पहिल्यापासून सगळ्या गावाला ठाऊक आहे. निळू फुल्यांचा हिंदुराव हा मराठी पडद्यावरचा सर्वांत मोठा गुन्हेगार आहे, कारण तो उपकारकर्ता आहे. पुढे ‘सिंहासन’मध्ये हेच निळूभाऊ दिगू टिपणीस नावाचे बातमीदार झाले, सगळं पाहणारे आणि काही करू न शकणारे. मास्तर होऊन हिंदुरावाला गजाआड धाडणारे लागू तिथं सत्तेच्या मागे लागलेले मंत्री. जागांची अदलाबदल इतक्या सहजतेने पचवणारा प्रेक्षक आपला होता, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

१९९८ च्या ‘सत्या’ने तर नायक हा प्रकारच मोडीत काढला. मनोज वाजपेयीच्या भिकू म्हात्रेला सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सहाय्यक कुणाचा, हे मात्र सिनेमा पाहून सांगता येत नाही. सगळेच चरित्र अभिनेते, त्यामुळे कोण कधीही मरू शकतो. खुनी कोण, हा प्रश्न तिथं संपला.

आता सभेपुढे एक विनंती. दिग्दर्शकांवर आपल्याकडे विशेषांक निघतात, संगीतकारांवर ग्रंथ निघतात. नाना पळशीकरांनी किती आणि कोणत्या भूमिका केल्या, याची एक विश्वासार्ह, तपासलेली यादी मराठीत कुणी हातात ठेवू शकेल का? जीवन, मदन पुरी, सुधीर, जगदीश राज यांचीही तीच कथा. या नटांबरोबर काम केलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. इथे आलेल्या प्रत्येक चित्रपट मंडळाने एक चरित्र अभिनेता निवडावा, त्याच्या भूमिकांची यादी सिनेमे प्रत्यक्ष पाहून करावी, जे हयात आहेत त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात, आणि पुढच्या अधिवेशनात त्या इथे आणून ठेवाव्यात. एवढंच. आणि जुन्या सिनेमाच्या खेळाला वेळेवर या, कारण या माणसांची नावं सुरुवातीलाच येऊन जातात.