शुद्धिपत्र पाहून ग्रंथ घ्यावा



आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आज एखादा मुलगा किंवा मुलगी संगणकाची भाषा शिकत असेल. पुस्तक घेण्यासाठीं पुण्याच्या अप्पा बळवंत चौकांत जावें, तर एकाच विषयावरचीं अनेक पुस्तकें समोर मांडलेलीं दिसतात. त्यांतलें विश्वासार्ह कोणतें, हें कसें ओळखावें? ज्याला विषय येत नाहीं त्यालाच पुस्तकाची निवड करावी लागते, ही खरी अडचण आहे. ती थोडी हलकी व्हावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु. उदाहरणासाठीं 'सी' ही जुनी पण अजूनहि वापरांत असलेली भाषा घेऊं.

कादंबरींतील चूक वाचकाला फार तर खटकते. संदर्भग्रंथांतील चूक वाचक खरी मानून कामाला लावतो. सी भाषेंत 'गेट्स' नांवाचें एक फंक्शन होतें. कोणी टंकलेली ओळ उचलून संगणकाच्या स्मृतींत राखून ठेवलेल्या जागेंत ठेवावयाची, हें त्याचें काम. पण ती जागा केवढी आहे, हें त्याला सांगण्याची सोयच नव्हती. ओळ लांब आली कीं ती शेजारच्या जागेवर सांडे आणि तेथील मजकूर पुसून टाकी. १९८८ च्या नोव्हेंबरांत इंटरनेटवर पसरलेल्या 'मॉरिस वर्म' ह्या उपद्रवी आज्ञावलीनें यंत्रांत शिरण्यासाठीं ज्या वाटा शोधल्या, त्यांपैकीं एक हीच होती. २०११ च्या नियमावलींतून हें फंक्शन काढून टाकण्यांत आलें. परंतु त्यापूर्वीं छापलेल्या पुस्तकांतून तें कसें निघणार?

म्हणून पहिली कसोटी अशी, कीं पुस्तक भाषेच्या कोणत्या सालच्या नियमांवर आधारलेलें आहे, हें तें स्पष्ट सांगतें काय? ब्रायन कर्निघन आणि ही भाषा घडविणारे डेनिस रिची ह्या दोघांचा सुप्रसिद्ध ग्रंथ १९७८ सालीं निघाला आणि त्याची दुसरी आवृत्ति १९८८ सालीं. अमेरिकेंत भाषेची प्रमाण नियमावलि १९८९ सालीं ठरली व पुढच्याच वर्षीं ती आंतरराष्ट्रीय झाली. त्यानंतर १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ सालीं तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. त्या दोघांच्या ग्रंथाइतकें नेटकें विवेचन आजहि विरळा. तरी त्याच्या दुसऱ्या आवृत्तींतहि 'गेट्स' आहेच. थोर ग्रंथहि आपल्या काळाबाहेर जाऊं शकत नाहीं.

दुसरी कसोटी अधिक सूक्ष्म आहे. भाषेचा नियम कोणता आणि विशिष्ट यंत्राची संवय कोणती, हा भेद लेखक करतो काय? पूर्णांक ठेवण्यास दोन बाइट लागतात, असें कित्येक जुन्या पुस्तकांत ठामपणें लिहिलेलें असतें. १९८७ सालीं निघालेल्या 'टर्बो सी' ह्या कंपायलरवर तें खरें होतें. आजच्या सामान्य संगणकांवर बहुधा चार बाइट लागतात. २०२४ पूर्वींच्या नियमावल्या फक्त इतकेंच सांगत, कीं उणें ३२,७६७ पासून अधिक ३२,७६७ पर्यंतच्या संख्या तरी त्यांत मावल्याच पाहिजेत. तसेंच 'आय प्लस-प्लस अधिक प्लस-प्लस आय' ह्यासारखें कोडें घालून त्याचें एकच उत्तर देणारें पुस्तक दिसलें, तर सावध व्हावें. कारण तेथें नियमावलि कोणतेंच उत्तर बांधून देत नाहीं. लेखकाच्या यंत्रावर जें आलें, तें त्यानें लिहिलें, इतकाच त्याचा अर्थ. आज्ञावलि चालली म्हणजे ती बरोबर ठरली, असें नव्हे.

तिसरी कसोटी शुद्धिपत्राची. डोनल्ड नूथ ह्यांच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्यूटर प्रोग्रॅमिंग' ह्या ग्रंथमालेचा पहिला खंड १९६८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील चूक जो प्रथम दाखवील त्यास दोन डॉलर छप्पन्न सेंट देण्याचा त्यांचा परिपाठ आहे. सेंट २५६ होतात, आणि सोळा अंकांच्या गणनापद्धतींत ती संख्या बरोबर शंभर अशी लिहिली जाते! २००८ पासून ते खऱ्या धनादेशाऐवजीं एका काल्पनिक बँकेचें प्रमाणपत्र देतात. पण मिळविणाऱ्यांस त्याचें मोल कमी वाटत नाहीं. जो लेखक आपल्या चुका मागून घेतो, त्याच्या उरलेल्या मजकुरावर विश्वास ठेवावयास हरकत नाहीं. ज्या पुस्तकाचें शुद्धिपत्र कोठेंच नाहीं, तें निर्दोष असेल असें सहसा घडत नाहीं; बहुधा तें कोणी बारकाईनें वाचलेलें नसतें.

ह्या कसोट्या लावण्यास विषयाचें ज्ञान फारसें लागत नाहीं. दुकानांत उभ्याउभ्या मुखपृष्ठामागील पानावरचें साल पाहावें. सूचींत 'गेट्स' हा शब्द शोधून त्याविषयीं इशारा दिला आहे काय, हें पाहावें. पूर्णांकाचें प्रकरण उघडून 'यंत्रानुसार' असा शब्द सांपडतो काय, तें पाहावें. ह्याला पांच मिनिटें पुरतात.

आणि पैसे कमी असतील, तर नव्या पण बेफिकीर पुस्तकापेक्षां जुनें पण प्रामाणिक पुस्तक घ्यावें. कर्निघन-रिची ह्यांच्या दुसऱ्या आवृत्तीचें शुद्धिपत्र उपलब्ध आहे. तें मिळवून प्रत्येक दुरुस्ती आपल्या प्रतीच्या समासांत स्वतःच्या हातानें लिहावी. असें करणाऱ्या विद्यार्थ्याला चांगलें पुस्तक तर मिळतेंच. शिवाय छापील शब्दहि तपासून घ्यावयाचा असतो, हा धडा फुकट मिळतो.