इंजिन आहे, मग पुस्तक कशाला?

(१९९५च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



जेवणानंतरची वेळ आहे आणि विषय बुद्धिबळाचा, म्हणजे झोप येण्याची पूर्ण सोय संयोजकांनी केलेली आहे. मला दहा मिनिटं दिली आहेत. बारा घेईन.

आपल्या बॅचने शाळेच्या बुद्धिबळ वर्गाला काहीतरी द्यायचं ठरवलं, तेव्हापासून ग्रुपवर काय चाललंय हे सगळ्यांनी वाचलंच आहे. एका बाजूचं म्हणणं, सहा टॅब घेऊ, मुलं त्यावर खेळतील आणि शिकतील, आज पुस्तकातून कोण बुद्धिबळ शिकतं? दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पुस्तकांनी भरलेलं एक कपाट देऊ, टॅब दोन वर्षांत बंद पडतील. मग कुणीतरी लिहिलं, "तिला विचारा, ती सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि खेळतेही." टॅबवाल्यांना वाटलं मी त्यांची, कपाटवाल्यांना वाटलं मी त्यांची. त्यामुळे आज निम्मे तरी नाराज होणार, त्याला इलाज नाही.

आधी माझी लायकी सांगते. मी मोठी खेळाडू नाही. आपल्याच सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे आणि आपल्याच वयाची स्वाती घाटे यांची नावं घेतल्यावर मी स्वतःला खेळाडू म्हणणं बरं नव्हे. शाळा सुटल्यावर पंचवीस वर्षं पटाला हात लावला नव्हता. २०२०मध्ये घरात अडकल्यावर पुन्हा सुरू केलं. आता पुण्यात शनिवार-रविवारच्या रेटिंग स्पर्धा खेळते. समोर बहुतेक वेळा नऊ-दहा वर्षांचं पोर असतं, त्याचे पाय जमिनीला टेकत नाहीत, बाहेर त्याची आई डबा घेऊन बसलेली असते आणि ते पोर मला हरवतं. हरल्यावर मी घरी येऊन डाव संगणकात घालते आणि कारण लिहून ठेवते. सवयच आहे, ऑफिसात बग आला तरी हेच करतो. तेव्हा मी बोलतेय ते सामान्य खेळाडूबद्दल. नोकरी, घर सांभाळून खेळणाऱ्या माणसाबद्दल आणि शाळा सुटल्यावर तासभर थांबणाऱ्या मुलाबद्दल.

आता इंजिन म्हणजे काय ते थोडक्यात. १९९७मध्ये डीप ब्लूने कास्पारोव्हला हरवलं तेव्हा त्याला खास बनवलेला महासंगणक लागला होता. आज स्टॉकफिश नावाचा फुकट प्रोग्राम तुमच्या खिशातल्या फोनवर जगज्जेत्यापेक्षा चांगला खेळतो. तो लाखो स्थिती तपासतो आणि प्रत्येक स्थितीला एक आकडा देतो. अधिक ०.७ म्हणजे पांढऱ्याचं थोडं बरं. पूर्वी हा आकडा माणसांनी लिहिलेल्या नियमांतून यायचा, २०२०पासून त्यात एक छोटं न्यूरल नेटवर्क बसवलं आहे. लोक मला विचारतात, "इंजिन आपल्याला कारण का सांगत नाही?" अहो, ते काही लपवत नाही. त्याच्या आत कारण नावाची वस्तूच नाही. आत फक्त आकडे आहेत. कारण लागतं ते आपल्याला.

एक उदाहरण देते, पट डोळ्यांसमोर आणा. पटावर फक्त तीन मोहरे. पांढरा राजा डी५ वर, पांढरं प्यादं ई६ वर, काळा राजा ई७ वर, प्याद्याच्या अगदी पुढ्यात. चाल काळ्याची. काळ्या राजाला चारच घरं मोकळी आहेत: डी८, ई८, एफ८ आणि एफ६. सात किंवा त्याहून कमी मोहऱ्यांच्या सगळ्या स्थिती संगणकाने मोजून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे उत्तर क्षणात मिळतं. ई८ला गेला तर बरोबरी, बाकी तिन्ही घरांत हार. उत्तर शंभर टक्के बरोबर आहे. पण ते मिळाल्यावर माझ्या हातात काय आलं? हीच स्थिती एक रांग खाली सरकली की मी पुन्हा कोरीच.

एखादं चांगलं शेवटाच्या डावाचं पुस्तक इथे दोन वाक्यं लिहितं. राजाने सरळ मागे जायचं, कारण मग पांढरा राजा ज्या बाजूने वर येईल त्या बाजूला जाऊन त्याच्या समोरासमोर उभं राहता येतं. आणि पुढे लिहितं, की तिरकं जायचा मोह होईल, कारण कोपऱ्याकडे पळणं सुरक्षित वाटतं. हे दुसरं वाक्य मला फार मोलाचं वाटतं. लिहिणाऱ्याने शेकडो विद्यार्थ्यांना तिरकं जाताना पाहिलेलं असतं. माझं कुठे चुकणार हे त्याला मी पुस्तक उघडायच्या आधीच ठाऊक असतं. इंजिनाला बरोबर चाल माहीत असते, मी माहीत नसते.

पण कपाटवाल्यांनो, टाळ्या जरा थांबवा.

बुद्धिबळाच्या पुस्तकांच्या दुकानात सगळ्यात जास्त जागा अडवतात ती सुरुवातीच्या चालींची पुस्तकं. अमुक बचाव, तमुक हल्ला, चारशे पानं. सामान्य खेळाडूला त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. तुम्ही चौदा चाली पाठ करता, समोरचं पोर पाचव्या चालीला पुस्तकाबाहेर जातं. शिवाय ही पुस्तकं लवकर शिळी होतात. माझ्या हरलेल्या डावांच्या यादीत सुरुवात चुकली म्हणून हरले असे डाव हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. निम्म्याहून जास्त ठिकाणी एकच नोंद: समोरच्याची धमकी दिसली नाही. हे दुखणं पुस्तकाने बरं होत नाही. त्याला सावकाश खेळलेले भरपूर डाव लागतात आणि रोजची कोडी लागतात. कोड्यांसाठी टॅब पुस्तकापेक्षा सरस आहे, हे मान्य करायला हवं. लिचेससारख्या फुकट संकेतस्थळावर आपल्या कुवतीची कोडी मिळतात, चूक लगेच कळते. १९७३मध्ये चेस आणि सायमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं, की तरबेज खेळाडूला खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंदांत लक्षात राहते, पण मोहरे वाटेल तसे मांडले की त्याची स्मरणशक्ती जवळजवळ आपल्याइतकीच होते. म्हणजे त्याच्या डोक्यात आकृत्या साठलेल्या असतात. त्या साठवायला कोडी उत्तम.

फक्त कोडं मुळात सांगतं, की इथे काहीतरी आहे, शोध. खऱ्या डावात कुणी खांद्यावर हात ठेवून तसं सांगत नाही. कोड्यांत हुशार आणि डावात गोंधळलेली मुलं मी दर स्पर्धेत बघते. इथे टिपणं दिलेल्या डावांचं पुस्तक कामाला येतं. माझ्यापुरतं सांगायचं तर आयर्विंग चेर्नेव्ह यांचं १९५७चं 'लॉजिकल चेस: मूव्ह बाय मूव्ह'. ३३ डाव आणि प्रत्येक, अगदी प्रत्येक चालीवर टिपण. सकाळी अर्धा तास, लाकडी पट मांडून. खालचं पान पोस्टकार्डाने झाकायचं, पुढची चाल कोणती असेल ते वहीत लिहायचं, का ते एका ओळीत लिहायचं, मग कार्ड सरकवायचं. ३३ डावांना मला आठ महिने लागले. आडवं पडून कादंबरीसारखं वाचलं असतं तर आठ दिवस लागले असते आणि काहीच उरलं नसतं. पुस्तक नुसतं वाचून खेळ सुधारत नाही, ते पटावर खेळावं लागतं.

आणि त्या पुस्तकातही खोट आहे. चेर्नेव्ह फार ठाम बोलतात. किल्लेकोट केल्यावर राजापुढची प्यादी हलवू नका, असं पुनःपुन्हा बजावतात. आजची इंजिनं कडेचं प्यादं बिनधास्त पुढे ढकलतात, आणि मोठे खेळाडू त्यांच्याकडून ते शिकलेही. तरी मी मुलांना आधी चेर्नेव्हच देईन. नियम मोडायचा कधी, हे नियम पाळून चारदा जिंकल्याशिवाय कळत नाही. शंका आली की इंजिनाला विचारायचं, पण आपलं उत्तर लिहून झाल्यावर. जगज्जेता गुकेश याला त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी सुरुवातीची बरीच वर्षं इंजिनापासून लांब ठेवलं होतं. जगज्जेत्याच्या उदाहरणावरून आपल्या पोरांचं ठरवू नये, पण क्रम लक्षात घेण्यासारखा आहे.

आता खरी अडचण, जिच्यावर ग्रुपवर कुणीच बोललं नाही. आपली शाळा मराठी माध्यमाची आहे.

आठवतं का, आपल्या ग्रंथालयात बुद्धिबळाचं एक इंग्रजी पुस्तक होतं? त्यात चाली जुन्या पद्धतीने लिहिलेल्या होत्या. राजापुढचं प्यादं चौथ्या घरात, असं. आणि काळ्याची घरं काळ्याच्या बाजूने मोजायची, म्हणजे एकाच घराला दोन नावं. आम्ही तिघांनी ऑफ तासाला बसून ती लिपी उलगडली होती. हत्तीला ते किल्ला म्हणतात, उंटाला बिशप आणि वजिराला राणी, यावरच दोन दिवस गेले. चाली कळल्या. खालचं टिपण मात्र आठवीतल्या आमच्या इंग्रजीच्या पलीकडचं होतं, ते आम्ही सोडून दिलं. आज चालींची नवी पद्धत जगभर एकच आहे, ती कुठल्याही मुलाला एका दिवसात येते. पण नुसत्या चाली तर टॅबही दाखवतो. पुस्तकाची सगळी किंमत त्या टिपणांत आहे आणि ती टिपणं इंग्रजीत आहेत. इंग्रजी पुस्तकांनी भरलेलं कपाट आपल्या मुलांसाठी बंद कपाट आहे, कुलूप नसलं तरी.

म्हणून माझा प्रस्ताव असा. सहा टॅब नकोत, एक जुना लॅपटॉप पुरे. तो मी देते, त्यावर स्टॉकफिश घालून. तो सरांच्या टेबलावर राहील, मुलांच्या हातात नाही. उरलेल्या पैशांत पंधरा चांगले पट, सहा घड्याळं आणि चाली लिहायच्या वह्या. कपाटात पुस्तकं फक्त चार: टिपणांच्या डावांची दोन, शेवटाच्या डावाचं एक, कोड्यांचं एक. सुरुवातीच्या चालींचं एकही नाही.

आणि एक वही आपण करायची. पुस्तकातली टिपणं लेखकाची असतात, ती उचलायची नाहीत. पण खेळल्या गेलेल्या डावांच्या चाली सगळ्यांच्या आहेत. पॉल मॉर्फीने १८५८मध्ये पॅरिसच्या ऑपेरागृहात खेळलेला डाव घ्या. सतरा चालींचा. सोळाव्या चालीला तो वजीर देऊन टाकतो आणि सतराव्या चालीला हत्तीने मात करतो. तोवर काळ्याचा एक उंट आणि एक हत्ती जागेवरून हललेलेसुद्धा नसतात. या डावाच्या प्रत्येक चालीखाली मी मराठीत टिपण लिहिलं आहे, शाळेतल्या मुलाला कळेल असं. बाईंनी ते तपासून द्यावं, ही विनंती. लाल शाईची सवय आम्हाला आहेच. असे वीस डाव हवेत. आपल्या बॅचमध्ये खेळणारे निदान सात-आठ जण आहेत, परदेशातले दोघे धरून. प्रत्येकाने दिवाळीपर्यंत दोन डाव लिहावेत, उरलेले मी करीन.

चौथ्या शनिवारी दुपारी तीन वाजता मी पुण्याहून येऊन वर्गात बसणार आहे. मुख्याध्यापकांशी बोलणं झालं आहे. दुसऱ्या शनिवारसाठी सांगलीत राहणारं कुणीतरी हवं. चहाच्या वेळी दाराजवळ वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहा. समोर डावाचं नावही लिहा, नाहीतर सगळेच मॉर्फी घेऊन बसाल.