पाहुणा म्हणून नेलेला मजूर

(थेरगाव येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप.)



आजचा विषय आपणांपैकी काहींना पक्षकार्याच्या दृष्टीने गौण वाटण्याचा संभव आहे. परदेशी पाहुणा म्हणून जावे आणि तेथे पोहोचल्यावर कामाचा परवाना मिळवावा, ही ज्याची त्याची खासगी बाब. तीत पक्षाने का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. माझे म्हणणे असे की, ही बाब आता खासगी राहिलेली नाही. ती मजुराच्या दर्जाची बाब आहे, आणि दर्जाचा प्रश्न हा शेवटी मजुरीचाच प्रश्न असतो.

थेरगावाचे स्थान पाहा. एका अंगाला पिंपरी-चिंचवडचे कारखाने, दुसऱ्या अंगाला हिंजवडीच्या संगणक कंपन्या, आणि रोज बसने गाठता येईल एवढ्या अंतरावर चाकणची वसाहत. येथील भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कितीतरी फिटर, वेल्डर आणि इलेक्ट्रिशियन ठेकेदाराच्या हजेरीपटावर वर्षे काढूनही कायम होत नाहीत. अशा तरुणाला एक दिवस कोणीतरी सांगतो, ‘दुबईला काम आहे. आधी व्हिजिटवर जा, परमिट तिथे गेल्यावर होईल.’ या वाक्याचा पूर्वार्ध विमानाच्या तिकिटाने खरा ठरतो. उत्तरार्ध खरा ठरणे मात्र सर्वस्वी मालकाच्या मर्जीवर असते. आपल्याला विचार करावयाचा आहे तो या दोहोंच्या मधल्या काळाचा.

भेटीसाठी आलेल्या माणसाला त्या देशात राहण्याची, हिंडण्याची, नातलगांना भेटण्याची मुभा असते. श्रम विकण्याची नसते. श्रम विकण्यासाठी निराळा परवाना लागतो, आणि बहुतेक देशांत तो विशिष्ट मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. पाहुणा म्हणून उतरलेल्या आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला जुंपलेल्या माणसाची स्थिती मोठी विचित्र होते. व्यवहारात तो मजूर असतो, कायद्याच्या लेखी तो पर्यटक असतो. मालकाने पगार बुडविला तर तक्रार कोणाकडे करावयाची? तक्रार करावयाची तर आपण बेकायदा काम केले हे आधी लिहून द्यावे लागते. मालक हे पुरते ओळखून असतो. म्हणूनच मजुरीचा दर, कामाचे तास आणि पासपोर्ट कोणाच्या कपाटात राहावयाचा, हे सारे त्या थोड्या आठवड्यांतच ठरून जाते.

या प्रश्नाला आपल्याकडे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात गिरमिटाच्या करारावर मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीकडे होणारी ही मजूरभरती बंद करण्याचा ठराव केंद्रीय कायदेमंडळात संमत करून घेतला. १९१२ मध्ये त्यांनी गिरमिटाची पद्धतच सर्वत्र रद्द करावी असा ठराव मांडला. तो सरकारी मतांपुढे टिकला नाही. त्यांचा आक्षेप असा होता की, अडाणी माणसाला दूरदेशी नेऊन जाचक कराराने बांधले जाते. आजच्या ‘व्हिजिट’वाल्या मजुराला बांधावयास करारदेखील नसतो. गिरमिटियाचे नाव निदान सरकारी नोंदवहीत तरी लिहिलेले असे. याचे नाव मजूर म्हणून कोठेच लिहिलेले नसते.

आता आपल्या कायद्याकडे वळू. १९२२ चा जुना कायदा बाजूला सारून १९८३ मध्ये नवा स्थलांतर कायदा झाला. त्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेला माणूस ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी निघाला की, त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. अशा पासपोर्टावर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. मंजुरी देताना करार पाहिला जातो, वेतन पाहिले जाते, दहा लाख रुपयांचा विमा उतरविला जातो. भरती करणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची आहे आणि त्याला मजुराकडून जास्तीत जास्त तीस हजार रुपये व त्यावरील कर एवढेच घेता येतात.

व्यवस्था कागदावर वाईट नाही, परंतु तिला दोन मोठी भगदाडे आहेत. पहिले असे की, ही मंजुरी फक्त नोकरीसाठी जाणाऱ्याला लागते. तोच माणूस, त्याच गावाला, त्याच मालकाकडे निघाला, पण हातात भेटीचा व्हिसा आणि परतीचे तिकीट असले, तर मंजुरीचा प्रश्न उरत नाही. एजंटाला कायदा मोडण्याचीही गरज पडत नाही. प्रवासाचा हेतू बदलून लिहिला की झाले. दुसरे भगदाड आपल्या औद्योगिक पट्ट्याला अधिक लागू आहे. २००७ पासून दहावी उत्तीर्ण झालेल्यांना या मंजुरीतून सूट आहे. फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन यांसारख्या ट्रेडना आयटीआयमध्ये प्रवेश घ्यावयाचा तर दहावी व्हावेच लागते. म्हणजे आपला कुशल कामगार या संरक्षणाच्या बाहेरच ठेवलेला आहे. दहावीचे प्रमाणपत्र हाती आल्याने माणूस एजंटाच्या हातून फसत नाही, ही समजूत ज्यांनी करून घेतली त्यांनी कामगारवस्ती पाहिलेली नसावी.

येथे एक गोष्ट न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. संयुक्त अरब अमिरातीत भेटीच्या व्हिसावरून नोकरीच्या परवान्यावर जाण्याची वाट कायदेशीर आहे. मालक परवाना काढतो, शुल्क भरतो आणि माणसाचा दर्जा बदलतो. तेथील २०२१ च्या श्रमकायद्याप्रमाणे भरतीचा खर्च मजुराकडून घेण्यास मालकाला मनाई आहे. परवाना नसलेल्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाचा किमान दंड २०२४ मध्ये एक लाख दिरहम आणि कमाल दहा लाख दिरहम करण्यात आला. तेव्हा ही वाट मुळातच पापाची आहे असे मी म्हणत नाही. तिच्यावरचा सगळा धोका एकट्या मजुराच्या शिरावर टाकलेला आहे, एवढेच माझे म्हणणे.

हा धोका किती, त्याचा हिशेब मांडून पाहू. आकडे केवळ उदाहरणापुरते धरा. एका फिटरने दीड लाख रुपये महिना तीन टक्के व्याजाने उचलले. दरमहा साडेचार हजार रुपये व्याज झाले. साठ दिवसांच्या व्हिसावर तो गेला, मालक ‘आज करू, उद्या करू’ म्हणत राहिला, मुदत टळली. तेथे मुदत उलटून राहणाऱ्याला दिवसाला पन्नास दिरहम दंड आहे. तीस दिवस गेले की दीड हजार दिरहम, म्हणजे सुमारे पस्तीस हजार रुपये झाले. तीन महिन्यांचे व्याज साडेतेरा हजार. अशा माणसाला जी मजुरी देऊ केली जाईल ती तो नाकारील काय? अर्थशास्त्राची पुस्तके ज्याला मुक्त करार म्हणतात, त्यातील एका पक्षावर रोज दंड वाढत असतो. त्या देशाने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात मुदत उलटलेल्यांना दंडमाफी देऊन परत जाण्याची किंवा दर्जा नियमित करून घेण्याची संधी दिली. अशी माफी पुन्हापुन्हा द्यावी लागते, यावरून हा प्रकार अपवादात्मक नाही एवढे उघड होते.

हे केवळ आखातातच घडते असे समजू नये. कॅनडाने ऑगस्ट २०२० मध्ये साथीच्या काळात अडकलेल्या पाहुण्यांना देशातूनच कामाच्या परवान्यासाठी अर्ज करण्याची सवलत दिली. हेतू चांगला होता. पुढे काही मंडळी याच सवलतीचा आधार घेऊन परदेशी लोकांना परवान्याविना कामाला लावीत आहेत, असे सांगून त्या सरकारने २८ ऑगस्ट २०२४ रोजी सवलत मुदतीपूर्वीच बंद केली. परिणाम काय झाला? वाट दाखविणारे पैसे घेऊन मोकळे झाले आणि वाटेत असलेला माणूस अधांतरी राहिला.

आग्नेय आशियातील अनुभव याहून भीषण आहे. जानेवारी २०२२ ते मे २०२४ या काळात भेटीच्या व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनाम येथे गेलेल्या ७३,१३८ भारतीयांपैकी २९,४६६ परतलेले नाहीत, अशी सरकारी आकडेवारी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाली. हे सगळेच फसले असे नव्हे. परंतु संगणकावरील नोकरी म्हणून बँकॉकला नेलेल्या तरुणांना सरहद्दीपलीकडे म्यानमारमध्ये कोंडून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करवून घेतली गेली, हे सिद्ध झालेले आहे. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा ५४९ भारतीयांना दोन दिवसांत परत आणले. हे तरुण शिकलेले होते, इंग्रजी जाणणारे होते.

शिकलेल्यांचा विषय निघालाच आहे तर हिंजवडीकडेही पाहू. पाहुण्याच्या व्हिसावर काम करवून घेण्याचा आरोप बड्या कंपन्यांवरही झाला आहे. बी-१ या अल्पकालीन व्यावसायिक भेटीच्या व्हिसाचा नियमित कामासाठी वापर केल्याच्या आरोपावरून इन्फोसिसने ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारशी तीन कोटी चाळीस लाख डॉलर देऊन तडजोड केली. कंपनीने आरोप मान्य केला नाही. प्रकरण पैशांवर मिटले, कारण कंपनीजवळ वकील होते आणि तिजोरी होती. काळेवाडीच्या वेल्डरजवळ यातले काहीही नसते.

मित्रहो, ही रचना आपल्याला अपरिचित नाही. आपल्या वसाहतींत कायम कामगाराशेजारी उभा राहून तेच काम करणारा माणूस कागदावर ‘शिकाऊ’ असतो किंवा ठेकेदाराचा असतो. काम तेच, यंत्र तेच, दर्जा मात्र वेगळा, आणि म्हणून पगार वेगळा. परदेशात त्याच ‘शिकाऊ’ला ‘पाहुणा’ म्हणतात. मजुराला मजूर म्हणावयाचे नाही, ही भांडवलाची जुनी युक्ती आहे.

काहीजण म्हणतील, माणसे जाऊ द्या, पैसा तर देशात येतो. खरे आहे. २०२४ मध्ये भारतीयांनी परदेशातून सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठविले, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत सर्वांत मोठा वाटा, २०.५ टक्के, महाराष्ट्राचा निघाला. कोणाला जाण्यापासून अडवावे असे समाजवादी माणूस म्हणणार नाही. पण ज्यांच्या घामावर परकी चलनाचा साठा फुगतो, त्यांची नोंद ठेवण्याचे कष्ट सरकारने घ्यावेत, ही मागणी अवाजवी आहे काय? परवाना आधी काढून मग माणूस पाठविता येतो, हे सरकारला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये पुण्यात इस्रायलसाठी बांधकाम कामगारांची निवड झाली ती दोन सरकारांच्या करारानुसार. युद्धाच्या छायेतील देशात मजूर पाठवावेत काय, याबद्दल माझे मत प्रतिकूल आहे. तरी कागद विमानाच्या आधी तयार होऊ शकतो, हे त्यातून दिसले.

आता कार्यक्रमाचे बोलू. १९८३ चा कायदा बदलण्यासाठी २०२१ मध्ये एक मसुदा आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसरा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध झाला. आपली मागणी तीन कलमांत मावते. नोकरी लावून देतो म्हणून भेटीच्या व्हिसावर माणूस पाठविणे हा एजंटाचा गुन्हा ठरावा, मजुराचा नव्हे. संरक्षण दहावीच्या प्रमाणपत्रावरून न ठरता कामाच्या स्वरूपावरून ठरावे. आणि परवाना झाला नाही तर परतीचा खर्च व घेतलेली रक्कम एजंटाच्या अनामतीतून वसूल व्हावी.

कायदा होईपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने आठवड्यातून एक संध्याकाळ या कामासाठी ठेवावी. जाणाऱ्याला चार गोष्टी सांगाव्यात. एजंटाचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’वर पडताळून पाहा. दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. मालकाचे नाव व पगार लिहिलेले पत्र हाती आल्याशिवाय कर्ज काढू नका. परवाना निघेपर्यंत एक दिवसही कामावर जाऊ नका आणि पासपोर्ट कोणाच्या हवाली करू नका. जो आधीच अडकला असेल त्याच्या घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ व्यवस्थेवर तक्रार नोंदविण्यास शाखेने साहाय्य करावे.

या कामाला मोर्चाची वाट पाहावी लागत नाही, आणि निवडणुकीत याची मते मोजता येत नाहीत. परंतु एका तरुणाचे कर्ज वाचले, एकाला त्याच्या श्रमाचा कायदेशीर दर घेता आला, तरी कामगार चळवळीने आपल्या नावाला शोभेल असे काही केले असे मी मानीन. ज्या शाखा हे काम सुरू करतील त्यांनी आपले अनुभव लिहून ठेवावेत. कायद्याचा पुढचा मसुदा येईल तेव्हा सरकारपुढे ठेवावयास आपल्याजवळ पुरावा असेल.