ठाण्यात बसवून ठेवलं तर?

तायांनो, केमच्या बैठकीत बोलले तेच इथं लिहिते. बदलापूर आठवतं ना? ऑगस्ट 2024. चार वर्षांच्या दोन लेकी, शाळेतच अत्याचार. तक्रार नोंदवायला आईबापांना ठाण्यात तासन्‌तास थांबावं लागलं. 20 तारखेला लोक रुळांवर उतरले.

पॉक्सो कायदा 2012 चा आहे. लेकराचा जबाब घरीच घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं; पोलीस गणवेशात नकोत. रात्री लेकराला ठाण्यात ठेवताच येत नाही. "आमची हद्द नाही" म्हणाले तरी गुन्हा नोंदवावाच लागतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

एका मावशीनं हळूच विचारलं, "गावात बोभाटा झाला तर?" मावशी, पेपरात लेकराचं नाव छापणं हाच गुन्हा आहे.

1098 नंबर कुंकवाच्या डबीजवळ लिहून ठेवा. जाताना गटातल्या दोघी सोबत न्या.