कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी!

तर मंडळी, आज माझ्या एमजीबी रोडस्टरचं ट्यूनिंग. इंग्लंडमध्ये ॲबिंगडनला १९६२ ते १९८० बनलेली ही उघड्या टपाची गाडी. १७९८ सीसीचं इंजिन, त्यावर दोन एसयू कार्ब्युरेटर. गाडी धक्के खायला लागली की सगळ्यांचा हात आधी तिकडेच जातो. मी जाऊ देत नाही. आधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स, मग पॉइंट, मग टायमिंग. नाहीतर एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी!

आता इंजिन गरम करा, एअर फिल्टर काढा. रबरी नळीचं एक टोक कानाला, दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्ब्युरेटरच्या तोंडाशी. (इअरफोन काढा हं!) दोन्हीकडे 'सूंऽऽ' सारखंच यायला हवं. मग खालची पिन दाबून आतला पिस्टन जेमतेम पाऊण मिलिमीटर उचला. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन बंद पडायला लागलं, तर कमी. किंचित वाढून परत जागेवर आला, की जमलं. कमी पेट्रोलवर पळवत राहिलात तर व्हॉल्व्ह जळू शकतो, म्हणून मी तरी थोडं जास्तच ठेवतो.

आणि हे सगळं गाडी गॅरेजबाहेर काढूनच. थंडी असो, पाऊस असो, शटर लावून इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस बसल्या जागी जातो.

पुढच्या भागात ब्रेक.