महजर : गावाच्या साक्षीने झालेला न्याय



सरकारी सेवेत आयुष्य घालविलेल्या आम्हां मंडळींना सही-शिक्क्याचे फार अप्रूप. कागदावर शिक्का उमटला की हुकमाला बळ आले, असा आमचा समज असतो. परंतु उत्तर मध्ययुगात, निजामशाही-आदिलशाहीच्या अमदानीत, महाराष्ट्रातील न्यायसभांचा अधिकार केवळ शिक्क्यावर उभा नव्हता.

त्या सभेस ‘मजालस’ म्हणत. तीत काजी, हवालदार आदी अंमलदारांबरोबर देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार, म्हणजे ‘गोत’, बसे. वादी-प्रतिवादींच्या तकरिरी घेतल्या जात. निवाडा मान्य करू, असा ‘राजीनामा’ त्यांच्याकडून आधीच लिहून घेतला जाई. आज नोकरी सोडताना आपण देतो तो राजीनामा निराळा. तेव्हाचा शब्दशः राजी असल्याचा होता!

निवाड्याचा कागद म्हणजे महजर. त्यात हजर मजालसीची नावे नोंदविलेली असत. ज्यांस अक्षर येत नसे ते आपली निशाणी करीत : पाटलाचा नांगर, वाण्याची तागडी, न्हाव्याची आरसी. निरक्षर माणूसही अशा रीतीने न्यायाचा जामीनदार होई. कागद दप्तरात राही. निवाडा मात्र गावाच्या स्मरणात राही.

पुराव्याने उलगडा न झाल्यास दिव्य करीत. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढणे हे ‘रवादिव्य’. नंतर हातावर पिशवी चढवून ती मोहरबंद करीत व ठरल्या दिवशी सर्वांसमक्ष उघडीत. आज ही रीत आपणांस अमानुष वाटते, आणि ती तशी होतीच. शेवटी हरलेला पक्ष आपला दावा सोडल्याचे ‘येजितखत’ जिंकणाऱ्यास लिहून देई. पराभव त्याच्याच तोंडून वदविला जाई. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या साऱ्या पद्धतीचे साक्षेपी विवेचन केले आहे.

या व्यवस्थेचे आम्ही आंधळे गुणगान करणार नाही. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई. त्याच्या शब्दावर गावाची सीमा ठरे. त्याच महाराची वस्ती मात्र गावकुसाबाहेर! ज्याच्या साक्षीवाचून न्याय पुरा होत नव्हता, त्यालाच समाजाने न्याय नाकारला.

आज कायद्यासमोर सारे समान आहेत, ही आपली थोर कमाई. तथापि निकालाची प्रत हाती पडूनही तिचा अर्थ पक्षकाराला दुसऱ्याकडून समजून घ्यावा लागतो, हे शल्य उरतेच. न्याय लोकांना दिसावा, कळावा आणि आपला वाटावा, एवढे तरी त्या जीर्ण महजरांवरच्या नांगर-तागडीकडून आपण शिकावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.