आवा आणि रोमन भट्टी

पांढुर्णा-सौंसरकडील कुंभार आवा पेटवितो, तेव्हा त्याची कित्येक दिवसांची मेहनत पणास लागते. आव्यात मडकी आणि गोवऱ्या एकत्र रचलेल्या. जाळ मडक्यांस थेट भिडतो. वारा फिरला, की काही तडकतात, काही कच्ची राहतात.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमन भट्टीत जाळ व भांडी विभक्त असत. खाली अग्निकोष्ठ, त्यावर खांबाने तोललेली सच्छिद्र मातीची फरशी, आणि फरशीवर भांडी. बाजूच्या मुखातून सरपण घालीत. उष्णता छिद्रांवाटे वर चढे आणि भाजणी हाती राही.

तथापि त्या भट्टीस पक्के बांधकाम लागे. आव्यास मोकळे अंगण पुरते. म्हणूनच आवा टिकला. राख सारून कुंभार मडक्यावर टिचकी मारतो. खणखणीत नाद उमटला, की त्याचे श्रम सार्थकी लागले.